मुलीचा खो-खो बंद केला, आता ती बोलतच नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला शेतकरी. कोरडवाहू जमीन, कापूस आणि मका. मोठी मुलगी आठवीत आहे, वय 13 पूर्ण. सहावीपासून शाळेच्या खो-खो संघात होती, मागच्या वर्षी तालुका जिंकून जिल्ह्याला खेळून आली. या जूनमध्ये तिला पाळी सुरू झाली. माझी आई म्हणाली, आता मोठी झाली, उड्या मारणं पुरे. सराव सुटायला सहा-साडेसहा होतात, गाडी मिळेपर्यंत अंधार पडतो. सरांची जीभही कडक आहे. मला आईचं पटलं, खो-खो बंद केला. पोरगी काही बोलली नाही, रडलीसुद्धा नाही. पण गणपतीपासून ती गप्पच झाली. शाळेतून आली की आतल्या खोलीत. 'काय व्हयनं?' विचारलं की 'काही नही'. जेवण कमी झालंय, सहामाहीत मार्क घसरले, धाकट्या भावावर खेकसते. बायको म्हणते, हे खो-खो सुटल्यामुळे. अमळनेरचा चुलतभाऊ म्हणतो, बॅडमिंटन लावा, एकटीचा सभ्य खेळ आहे, त्यात भविष्य आहे, खो-खोत काय ठेवलंय. मी रॅकेट आणली, तिने हात लावला नाही. खेळ बंद केल्याने असं होतं का? बॅडमिंटन लावू का? की वयच तसं आहे, दिवाळी झाली तसं हेही जाईल? – एक बाप

भाऊ, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई त्याची आहे. आपोआप जाईल म्हणून थांबू नका. तेराव्या वर्षी पोरं चिडतात, दार लावून घेतात, आई-बापाशी तुटक बोलतात हे खरं. पण ते येतं आणि जातं. सकाळी रुसलेली मुलगी संध्याकाळी मैत्रिणीशी खिदळत असते. तुमच्या घरी तसं दिसत नाही. गणपतीपासून आजपर्यंत जेवण, अभ्यास, भावाशी वागणं, सगळं एकदम बदललं आणि बदललेलंच राहिलं. याला नुसतं वय म्हणून सोडता येणार नाही.

हे खो-खो बंद केल्यामुळेच झालं का, हे पत्रावरून छातीठोकपणे सांगणं बरोबर होणार नाही. दुसरी कारणंही असू शकतात, त्यांच्याकडे मी येतेच. पण जूनमध्ये तिच्या हातून नेमकं काय काय गेलं ते एकदा नीट पाहू या. घरात आपण 'खेळ बंद केला' म्हणतो तेव्हा तासभराची धावपळ बंद केली, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर असतं.

शाळेच्या खो-खोत पाठलागाच्या बाजूने नऊ मुली मैदानात असतात. आठ जणी मधल्या पाटीवर चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारचीचं तिकडे. नववी धावते. तिला दिशा पकडली की मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसता येत नाही. समोरची हूल देऊन दुसऱ्या बाजूला निसटली, की धावणारी कितीही चपळ असली तरी तिच्या हातात एकच गोष्ट उरते : बसलेल्या मैत्रिणीच्या मागे जाऊन तिला खो द्यायचा. आणि त्या बसलेलीने खो मिळण्याआधी तसूभरही उठायचं नाही, मिळाला की क्षणाचा उशीर करायचा नाही. म्हणजे बसलेल्या आठ जणीही सतत खेळतच असतात. जी फार वेगात धावत नाही पण खांबावर छान वळते, तिची एक जागा असते. जी साखळी खेळून, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत, समोरच्यांना दमवते, तिची एक असते. तुमची लेक दोन वर्षं रोज संध्याकाळी अशा आठ मुलींमध्ये बसत होती. 'ही आली नाही तर आपलं अडतं' असं वाटणाऱ्या आठ जणी होत्या तिला. घरात तिच्यावर माया करणारी माणसं आहेत, पण घराबाहेर, आपल्या जोरावर मिळवलेली ही तिची पहिली जागा होती. जिल्ह्याला खेळून आलेली मुलगी म्हणून शाळेत ओळख होती. ती जागा, ती ओळख, त्या मैत्रिणींबरोबरचा वेळ आणि रोजचा घाम, सगळं एका दिवसात गेलं. आणि त्या आठ जणी तिथेच, शाळेच्या त्याच मैदानावर, तिच्या डोळ्यांसमोर खेळत राहिल्या.

दुसरी गोष्ट सांगते, ती मला जास्त टोचली. खेळ पाळीबरोबर बंद झाला. तुमच्या मनात अंधार होता, गाडी होती, सरांची जीभ होती. पण तिला यातलं काय सांगितलं गेलं? पत्रात तसं काही नाही. तिच्या बाजूने पाहा. शरीरात एक बदल झाला, ज्याची आधीच धास्ती आणि लाज वाटत असते, आणि त्याच आठवड्यात तिच्या हातातली सगळ्यात आवडती गोष्ट काढून घेतली गेली. भाऊ मात्र खेळायला मोकळाच असेल. तेरा वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं? की आपलं शरीरच आपल्या आड आलं. ती रडली नाही, वाद घातला नाही, ते तिला पटलं म्हणून असेल असं मला वाटत नाही. अशा विषयावर बापाशी आणि आजीशी वाद कसा घालायचा, त्याला तिच्याकडे शब्दच नसतील. मुलींमधलं नैराश्य याच वयापासून वाढू लागतं. लहानपणी मुलगे-मुली यात साधारण सारखे असतात, वयात आल्यानंतर मुलींमधलं प्रमाण मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. आणि नेमक्या याच वयात आपण त्यांना मैदानावरून घरात आणतो. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलामुलींना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं सांगितलं आहे, आणि जगभरात 11 ते 17 वयाच्या शंभर मुलींपैकी 85 जणींना ती मिळत नाही. मुलग्यांमध्ये हा आकडा 78 आहे.

आता बॅडमिंटनचं. तुमच्या भावाचा हेतू चांगला आहे, पण 'एकटीचा खेळ' हे तो जमेची बाजू म्हणून सांगतोय, तिथे मी थांबेन. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 9 ते 13 वयाच्या 11,235 मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमची मुलगी त्याच वयोगटातली. पालकांकडून मुलांच्या वागण्याबद्दलची प्रश्नावली भरून घेतली होती : धास्ती, उदासपणा, कोषात जाणं, मित्रांशी न जमणं, लक्ष न लागणं. जी मुलं संघाचे खेळ खेळत होती, त्यांच्यात या तक्रारी अजिबात न खेळणाऱ्या मुलांपेक्षा कमी होत्या. कोषात जाऊन उदास राहण्याचे गुण 19 टक्क्यांनी कमी, इतरांशी न जमण्याचे 17 टक्क्यांनी कमी. इथवर कोणालाही अपेक्षितच वाटेल. पण जी मुलं फक्त एकट्याचा खेळ खेळत होती, टेनिस किंवा कुस्तीसारखा, त्यांच्यात धास्ती-उदासीचे गुण काहीच न खेळणाऱ्या मुलांपेक्षाही 16 टक्क्यांनी जास्त निघाले. संशोधकांनाही हे अपेक्षित नव्हतं.

हा अभ्यास शेवटचा शब्द म्हणून धरू नका. एकाच वेळी घेतलेली ती पाहणी आहे, त्यामुळे संघात खेळून मुलं खुलली की मुळात खुललेली मुलंच संघात गेली, हे तिच्यावरून ठरत नाही. मुलं अमेरिकेतली, उत्तरं पालकांची. एकट्याचा खेळ वाईट, असा अर्थ तर मुळीच काढू नका. आपल्या खान्देशात गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल असते, त्यातून घडलेली, तालमीतल्या सोबत्यांवर जीव टाकणारी पोरं मी पाहिली आहेत. पण एकट्याने कोर्टवर उतरायचं म्हणजे हरलं तरी एकट्यानेच, आणि बघणाऱ्यांची नजर एकटीवरच, हे ओझं असतं. आधीच मिटून बसलेल्या मुलीला तिने न मागितलेला खेळ, अनोळखी मुलांमध्ये, अमळनेरपर्यंत जाऊन, 'यात भविष्य आहे' या बोलीवर लावणं, याची मला काळजी वाटते. तिने रॅकेटला हात लावला नाही, यात तिचं उत्तर आलं आहे. ती खेळायचं नाही म्हणत नाहीये. तिला तिचा खेळ हवा आहे.

भविष्याचंही बोलून घेऊ, कारण चुलतभाऊ पुन्हा तो विषय काढणार. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकरही आपल्याच राज्याचा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. चुलतभावाला हे जरूर सांगा. पण तुम्ही स्वतः या हिशोबाने निर्णय घेऊ नका. शाळेत खेळणाऱ्या बहुतेक मुली पुढे राज्याला खेळत नाहीत, आणि त्यासाठी त्यांनी खेळायचंही नसतं. पदकाच्या आशेवर परत पाठवलंत तर पहिल्या हरलेल्या सामन्यानंतर घरात पुन्हा 'काय उपयोग' सुरू होईल.

तेव्हा माझं सांगणं सरळ आहे : तिला खो-खोत परत जाऊ द्या. मात्र त्याआधी चार-पाच गोष्टी करायच्या आहेत, आणि त्या तुम्हीच करायच्या आहेत.

पहिली म्हणजे तिच्याशी बोलणं. आईकरवी निरोप नको. बंद तुम्ही केला, सांगायचंही तुम्हीच. आतल्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं की 'काही नही' हेच येणार. शेतात जाताना सोबत घ्या, मोटरसायकलवर मागे बसवा. समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे या वयाची मुलं जास्त बोलतात. आणि विचारण्याऐवजी आधी सांगा. 'जूनमध्ये तुझा खेळ बंद केला, तुला विचारलंही नाही. मला अंधाराची भीती वाटत होती. तुझं काहीच चुकलं नव्हतं. पाळी आली म्हणून खेळता येत नाही, असंही नाही.' पाळी हा शब्द तुमच्या तोंडून यायला जड जाईल, तरी म्हणा. बापाने तो साधेपणाने उच्चारला की मुलीच्या मनावरचं केवढं तरी दडपण उतरतं. एवढं सांगून गप्प बसा. लगेच 'मग जाशील ना?' नको. ती तेव्हा काही बोलणार नाही, कदाचित दोन दिवसांनी आईशी बोलेल.

आणि कृपा करून सौदा करू नका. 'वार्षिकला मार्क आण, मग खेळ' असं कितीतरी घरांत म्हटलं जातं. मार्क घसरलेत ते ती उदास आहे म्हणून. आधी मार्क मागणं म्हणजे दुखणं बरं झाल्यावर औषध देतो म्हणणं.

तुमच्या आईंशीही बोलायला हवं, पण वाद घालून नको. त्या नातीच्या काळजीनेच बोलल्या आहेत. त्यांच्या काळात पाळीत पोरीला विसावा मिळायचा तो बाजूला बसवल्यामुळेच, एरवी कामाची सुट्टी कुठे होती? त्यांना निवांत विचारा, लग्नाआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काय काय खेळायच्या. झोके किती उंच जायचे, गौराईच्या गाण्यात कोण पुढे असायचं, फुगडीत कोण हरायचं नाही. आपल्या खान्देशातल्या बायांनी आखाजीची आठवण काढली की त्यांचा चेहरा बदलतो. त्यांना नातीसमोर बोलू द्या. मग सांगा की हिच्या वाट्याला ते वर्षातून एकदा नको, रोज थोडं हवं आहे. आजीने 'जा वं पोरी' म्हटलं, तर ते तुमच्या परवानगीपेक्षा मोठं ठरेल.

पाळीत खेळल्याने गर्भाशयाला काही होत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. पोटात फार दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती, नसेल तर खेळायला हरकत नाही. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, तेव्हा दप्तरात जास्तीचं पॅड, गडद रंगाची ट्रॅक पँट आणि शाळेत बदलायला दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, एवढं हवं. हे शेवटचं नसेल, तर मुख्याध्यापकांना भेटून मागा. दोन-तीन पालक मिळून गेलात की ऐकतात.

आणि तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. पाळी सुरू झालेली, जेवण कमी झालेलं, थकलेली, अभ्यासात लक्ष नसलेली मुलगी म्हटलं की माझ्या मनात रक्त कमी असण्याची शंका येतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2019-21 मध्ये देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना रक्तक्षय निघाला होता. या वयात 12 च्या खाली आलं तर कमी समजतात. अंगात रक्त नसलं की माणूस मरगळतो, चिडतो, आणि बघणाऱ्याला ते उदासच वाटतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती ती खाते की बाकाखाली टाकते तेही विचारा. गोळीने मळमळतं म्हणून बऱ्याच मुली टाकतात. जेवल्यावर घेतली तर त्रास कमी होतो.

आता सर. 'जीभ कडक आहे' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण संघाचा फायदा होणार की तोटा, हे बरंचसं यावर ठरतं. मैदानावर मोठ्याने ओरडणं वेगळं, आणि पोरीला सगळ्यांसमोर रंगावरून, जाडीवरून, जातीवरून किंवा घरावरून बोलणं वेगळं. पहिलं मुलं मनावर घेत नाहीत. दुसऱ्याने त्या संघाचंच विष होतं, मग खेळ कितीही चांगला असो. तुम्ही स्वतः जाऊन दोन-तीन संध्याकाळी कडेला बसा. न सांगता जा. कोणी छान पळतंय ते बघू नका, चुकल्यावर काय होतं ते बघा. एखादी खो मिळायच्या आधीच उठली, फाऊल झाला, तर सर काय म्हणतात? 'पुन्हा बस, कान दे, घाई करू नको' म्हणतात, की नाव घेऊन बाकीच्यांना तिच्यावर हसायला लावतात? बाकीच्या मुली त्या मुलीकडे कशा बघतात? राखीव मुलींना सरावात उतरवतात, की त्या नुसत्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतात? सर खवचट नसतील, नुसते तापट असतील, तर त्यांना एकट्याला भेटा. 'माझी पोरगी सध्या नाजूक अवस्थेत आहे, थोडं सांभाळून घ्या' असं सांगितल्यावर चांगले क्रीडाशिक्षक सांभाळतात. अशा मुलींच्या घरी जाऊन आई-बापाला समजावून परत आणणारे शिक्षकही आपल्याकडे आहेत. पण तुम्हाला तिथे अपमान दिसला, तर त्या सरांकडे पाठवू नका, मुख्याध्यापकांशी बोला. कबड्डी, व्हॉलीबॉल, शाळेचं लेझीम पथक, यातलं काहीही चालेल. खो-खोवर माझा हट्ट नाही. तिच्या वयाच्या मुलींबरोबर, एकमेकींवर अवलंबून, रोज काहीतरी करायला मिळावं यावर आहे.

अंधाराची तुमची भीती खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण ती गाडीची अडचण आहे, ती गाडीनेच सोडवायची. तुमच्या बाजूच्या गावांतल्या आणखी किती मुली सरावाला थांबतात ते बघा. तीन-चार घरं मिळून आळीपाळीने आणायला जाता येईल, किंवा सकाळी शाळेआधी सराव घ्या म्हणून सरांना विनंती करता येईल. उन्हाळ्यात तर आपल्याकडे सकाळशिवाय पर्यायच नाही, चाळीसच्या वर पारा गेलेला असताना दुपारनंतर पोरींना मैदानावर उतरवू नये. सामन्यासाठी बाहेरगावी जाताना सोबत शिक्षिका असलीच पाहिजे, हे मागणं तुमच्या हक्काचं आहे.

वेळही बरी आहे. शाळांच्या स्पर्धा साधारण पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे होऊन जातात, त्यामुळे आत्ता संघ निवडीचा ताण नाही. ती नुसती खेळायला जाऊ शकते. सहा महिने बसल्यावर दम लागेल, पाय भरून येतील, तिच्या खांबाजवळच्या जागेवर दुसरी मुलगी आलेली असेल. हे तिला आधीच सांगून ठेवा. पुढच्या हंगामात ती बहुधा 17 वर्षांखालच्या गटात जाईल, तिथे दहावीच्या मुली असतात, लगेच मुख्य संघात नाव येईलच असं नाही. जमलं तर संघातल्या तिच्या जवळच्या मैत्रिणीला आधी घरी बोलवा, भरीत-भाकरीला. आत्ता हंगामच आहे, आणि घरी आलेल्या मैत्रिणीशी ती आतल्या खोलीत का होईना, बोलेल. तिने 'मला नाही जायचं' म्हटलं तर ओढून नेऊ नका. पहिल्यांदा नुसतं बघायला जाऊ द्या. घरात कापूस वेचणी चालू असेल, हात कमी असतील, मला कल्पना आहे. तरी शाळा सुटल्यावरचा तो तास तिला मोकळा ठेवा.

मघाशी दुसऱ्या कारणांचं म्हटलं होतं. हे लिहिताना मला तुम्हाला घाबरवायचं नाही, पण वगळताही येत नाही. मुलगी काही महिन्यांत अशी मिटते, तेव्हा तिला कोणी त्रास देत असण्याची शक्यता तपासावी लागते. रस्त्यावर, गाडीत, वर्गात, फोनवर, नात्यातलं कोणी, शिकवणारं कोणी. हे तिच्या आईने किंवा तिला विश्वास वाटेल अशा मावशी-आत्याने एकटीला, घाई न करता विचारायचं. 'तुला कोणी नको तसं बोललं, हात लावला, फोनवर काही पाठवलं असं झालंय का? झालं असेल तर आम्ही तुला रागावणार नाही.' आणि तिने काही सांगितलं, तर पहिलं वाक्य 'तू तिथे गेलीसच का' हे येऊ देऊ नका. त्यावर विश्वास ठेवा आणि 1098 वर फोन करा. मुलांसाठीची ही मदतवाहिनी आहे. पोक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा अशाच मुलांसाठी आहे, त्यात मुलाचं नाव उघड करता येत नाही.

खेळाने बरं वाटतं, पण खेळ म्हणजे उपचार नव्हे. तिची झोप पार बिघडली असेल, रात्र-रात्र जागी किंवा दिवसभर पडून, दोन आठवडे जवळजवळ रोज रडवेली असेल, अंघोळ-वेणीकडेही लक्ष नसेल, हातावर ओरखडे दिसले, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलली किंवा वहीत लिहिलं, तर सराव सुरू होईपर्यंतही थांबू नका. असं काही बोलली तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलतात. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, घरात फवारणीची औषधं आहेत ती आजच कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शेतकऱ्याच्या घरात ही बाटली हाताशी असते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. खरं तर तिने काही बोलण्याची वाटही बघू नका, कुलूप आजच लावा.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. फोन मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करू शकता, मुलीनेच करायला हवा असं नाही. प्रत्यक्ष दाखवायचं तर तुम्हाला धुळं जवळ पडेल. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. जळगावला येणं-जाणं असेल तर तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. वरची धोक्याची लक्षणं नसली, तरी खेळ सुरू होऊन, घरातलं बोलणं सुरू होऊन महिनाभरात काहीच फरक दिसला नाही, तर जाच. फरक म्हणजे मार्क नव्हेत. भूक लागते का, भावाशी पूर्वीसारखी भांडते-हसते का, एखादी गोष्ट आपणहून सांगते का, हे बघा.

दवाखान्यात नेताना 'बाजारात जाऊ' असं खोटं सांगून नेऊ नका. 'तुला बरेच दिवस बरं वाटत नाहीये, आम्हाला काळजी वाटते, या डॉक्टरांशी बोलू' एवढं खरं सांगा. डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलायचं म्हटलं तर तुम्ही दोघं बाहेर थांबा, आणि ती काय बोलली ते परतीच्या गाडीत विचारू नका.